घरचं वायफाय उघडं आहे की कुलूपबंद, खात्रीने कसं कळतं?

शेवंती
नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध वाटेल, पण घरात यावरून दोन तट पडलेत म्हणून विचारतेय. आमचं वायफाय लावून दिलं तेव्हा मी घरी नव्हते, ज्यांच्यासमोर लावलं त्यांना पासवर्ड ठेवला होता की नाही ते आठवत नाही, कागदबिगदही कुठे सापडत नाही. फोन घरात शिरला की आपसूक जोडला जातो, लॅपटॉपचं तेच, कुणालाच कधी काही विचारत नाही. नवऱ्याचं म्हणणं, विचारत नाही त्याअर्थी पासवर्ड नाहीच आणि सगळा शेजार आपल्या नेटवर चालतोय. मला ते पटत नाही पण खोडून काढायला हातात काही नाही. तर राउटरला फार हात न लावता हे बघता येतं का? आणि हो, यादीत आमच्या नावासारखी तीन नावं दिसतात, एक साधं, एकाच्या शेवटी ५जी आणि एकाच्या शेवटी ईएक्सटी. ही तिन्ही आमचीच का?

रातकिडा
यादीत नावाशेजारी छोटंसं कुलूप दिसतं का बघा. दिसलं तर पासवर्ड आहे, नाही दिसलं तर नाही. संपला धागा.

तारयंत्र
रातकिडा, एवढ्यात नका संपवू, शेवंतीताईंच्या प्रश्नात दोन-तीन गोष्टी एकमेकीत अडकल्यात.

पहिली म्हणजे 'विचारत नाही म्हणजे नाही' हे. फोनला एकदा पासवर्ड दिला की तो स्वतःपाशी ठेवतो आणि पुढच्या वेळी परस्पर देऊन टाकतो, त्यामुळे जोडलेल्या फोनवरून काही विचारलं गेलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. लॅपटॉपमध्ये तर एका युजरने टाकलेला पासवर्ड बहुतेक वेळा सगळ्यांनाच चालतो, म्हणजे ज्याने कधीच टाकला नाही त्यालाही वाटतं की नाहीचे.

कुलपाचं मात्र बरोबर आहे. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' अशी घोषणा हवेत सोडत असतो, त्यात त्याचं नाव असतं आणि माझ्याकडे कुठल्या प्रकारची सुरक्षा आहे हेही असतं. फोन ती घोषणा वाचून कुलूप काढतो. म्हणजे न जोडता, पासवर्ड माहीत नसताना, शेजाऱ्याच्या नेटवर्कबद्दलही हे कळतं. तेव्हा कुलूप आहे की नाही हे फोनच्या आठवणीवर अवलंबून नाही, राउटर स्वतः जे सांगतोय तेच दिसतं.

आता कुठे बघायचं. अँड्रॉईडमध्ये सेटिंग्जमध्ये वायफाय, जोडलेल्या नावापुढच्या गियरवर टिचकी मारा, तिथे 'सिक्युरिटी' अशी ओळ असते, त्यापुढे डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (वायफायच्या कुलपाच्या पद्धतींची नावं) असं काही असेल तर पासवर्ड आहे. 'नन' किंवा 'ओपन' असेल तर उघडं. काही फोनमध्ये ही ओळ आणखी आत दडवलेली असते, खाली सरकवून बघा. आयफोनमध्ये उघडं नेटवर्क असेल तर नावाखाली 'अनसिक्युअर्ड नेटवर्क' असा इशारा येतो, आणि पासवर्ड असूनही पद्धत जुनाट असेल तर 'वीक सिक्युरिटी'. विंडोजमध्ये यादीतल्या नावाखाली 'सिक्युअर्ड' किंवा 'ओपन' लिहिलेलं असतं. मॅकवर ऑप्शन की दाबून धरून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सगळी कुंडलीच उघडते, त्यात सिक्युरिटी असते.

आणि तिन्ही नावं तपासा. पहिली दोन बहुधा एकाच राउटरची, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन वेगवेगळ्या रेडिओ पट्ट्यांवरची. बऱ्याच राउटरमध्ये दोन्हीची सुरक्षा वेगवेगळी ठेवता येते, एकीवर पासवर्ड आणि दुसरी तशीच उघडी असंही होऊ शकतं. तिसऱ्याबद्दल मला शंका आहे, घरात कुठे रिपीटर, म्हणजे रेंज वाढवणारा डबा, लावलाय का?

पाऊलवाट
तारयंत्र +१. अगदी रोकडा पुरावा हवा असेल तर एखाद्या फोनवर ते नेटवर्क 'फर्गेट' करा आणि परत जोडा. विचारलं तर आहे. पण ताई, थांबा, हे करायच्या आधी पासवर्ड कुणाला तरी माहीत असल्याची खात्री करा, नाहीतर फोन बाहेरच उभा राहील! तुमच्या केसमध्ये कुणालाच आठवत नाहीये म्हणून सांगते.

त्यापेक्षा बिनधोक उपाय आहे. अँड्रॉईड १० पासून पुढच्या फोनात जोडलेल्या नेटवर्कवर 'शेअर' असं बटण येतं, ते दाबलं आणि बोट लावलं किंवा पिन दिला की क्यूआर कोड येतो आणि बहुतेक फोनात त्याच्याखाली पासवर्ड साध्या अक्षरात लिहिलेला असतो. खाली अक्षरं नसली तर दुसऱ्या फोनने तो कोड साध्या स्कॅनरने वाचा, आत सुरक्षेचा प्रकार, नाव, पासवर्ड अशी सरळ मजकुराची ओळ असते. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून नेटवर्कच्या माहितीच्या पानावर ठिपक्यांवर टिचकी मारली की दिसतो. म्हणजे पासवर्ड आहे का आणि काय आहे दोन्ही प्रश्न एका फटक्यात.

गणकयंत्र_गणपत
विंडोजवाल्यांसाठी माझी आवडती कमांड. कमांड प्रॉम्प्ट उघडून (कमांड अर्थातच इंग्रजीत टाईप करा) नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस. जे काय धबाबा येतं त्यातल्या दोनच ओळी बघायच्या, ऑथेंटिकेशन (आत कसं घेतो) आणि सायफर (डेटा कसा झाकतो). ऑथेंटिकेशन डब्ल्यूपीए२-पर्सनल आणि सायफर सीसीएमपी असेल तर व्यवस्थित आहे. ऑथेंटिकेशन ओपन आणि सायफर नन असेल तर दार सताड उघडं.
आणि ऑथेंटिकेशन ओपन पण सायफर डब्ल्यूईपी (जुनी, मोडीत निघालेली पद्धत) असं दिसलं तर पासवर्ड आहे, पण असून नसल्यासारखा, राउटर आधी बघा.

खट्याळ_कावळा
मला एक कळत नाही, उघडं असलं म्हणून असं काय आकाश कोसळतं? बँकेच्या साईटला एचटीटीपीएस असतं, म्हणजे साईटशी होणारी देवाणघेवाण झाकलेली, चॅटिंगही एन्क्रिप्टेड, म्हणजे गुप्त लिपीत असतं, माझ्याकडे चोरण्यासारखे फोटो नाहीत. शेजारच्याने चार व्हिडिओ बघितले तर बघू देत बापडा. उगाच घाबरवायचं लोकांना.

तारयंत्र
कावळेबुवा, अर्धं तुमचं बरोबर आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. आज बहुतेक साईट एचटीटीपीएसवर असल्यामुळे उघड्या वायफायवर कुणी हवेतून पकडलं तरी पानाच्या आतला मजकूर त्याला वाचता येत नाही. पूर्वी असं नव्हतं. २०१० च्या ऑक्टोबरात एरिक बटलर नावाच्या प्रोग्रामरने फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक एक्स्टेंशन काढलं होतं, त्यात उघड्या वायफायवर बसलेल्या इतरांची लॉगिन झालेली खाती बाजूच्या पट्टीत फोटोसकट दिसायची आणि दोनदा क्लिक केलं की तुम्ही त्याच्या खात्यात. त्याने ते मुद्दामच काढलं, साईटवाल्यांना लाज वाटावी म्हणून, कारण तेव्हा साईट फक्त लॉगिनचं पान एन्क्रिप्ट करायच्या आणि पुढे सगळं उघड्यावर. त्यानंतर मोठ्या साईट हळूहळू पूर्ण एचटीटीपीएसवर गेल्या.

'माझं कोण कशाला बघतंय' याबद्दल. त्याच २०१० च्या मे महिन्यात गूगलने स्वतःच कबूल केलं की रस्त्यांचे फोटो काढत फिरणाऱ्या त्यांच्या स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्यांनी वाटेतल्या उघड्या वायफायवरून जाणारा डेटासुद्धा गोळा केला होता. कुणी कुणावर डूख धरून केलं नव्हतं, गाडी रस्त्याने गेली आणि जे हवेत उघडं होतं ते साठत गेलं. पासवर्डवाल्या घरांच्या बाबतीत ते वाचण्यासारखं नव्हतंच.

पण एचटीटीपीएसने जे झाकलं जात नाही ते वेगळंच आहे. उघड्या वायफायला जोडलेला माणूस तुमच्या घरातल्या नेटवर्कच्या आत असतो. तिथून राउटरचं लॉगिन पान दिसतं, प्रिंटर दिसतो, लॅपटॉपवर शेअर करून विसरलेला फोल्डर दिसतो, कॅमेरा असेल तर त्याचं पान दिसतं. तुम्ही कुठल्या साईटला गेलात त्याचं नावही बऱ्याचदा उघडंच जातं, पानातला मजकूर झाकलेला असला तरी. शिवाय बाहेरच्या जगाला त्या माणसाची प्रत्येक कृती तुमच्या पत्त्यावरून झालेली दिसते. त्याने काही भलतंसलतं केलं तर नोंदीत जोडणी तुमच्या नावाची आहे, 'मी नव्हतो' हे नंतर सांगत बसायचं.

खट्याळ_कावळा
बरं, नोंदीचा मुद्दा पटला. बाकीचं थोडं थोडं.

जुनाट_मोडेम
मी कित्येक वर्षं पासवर्ड वगैरे भानगडीत पडत नाही. नेटवर्कचं नाव लपवून ठेवलंय, यादीत येतच नाही, आणि मॅक ॲड्रेसची, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या ओळख-क्रमांकाची, यादी टाकलीय, घरच्यांचीच उपकरणं आत येतात. पासवर्ड लक्षात ठेवायची कटकट नाही. हे जास्त सुरक्षित नाही का?

पाऊलवाट
नाही हो मोडेमकाका. याने सुरक्षा मिळत नाही, आपण काहीतरी केल्याचं समाधान तेवढं मिळतं.

नाव लपवलं तरी जेव्हा तुमचा फोन जोडला जातो तेव्हा ते नाव हवेतून उघडंच जातं, ऐकणाऱ्याला एक जोडणी ऐकली की पुरे. वर तुमचा फोन घराबाहेरही 'अमुक नाव आहे का इथे' असं विचारत फिरतो, कारण लपलेलं नेटवर्क स्वतःहून बोलत नाही, म्हणजे घरचं नाव तुम्हीच जिथे जाल तिथे पुकारत जाता. आणि मॅक यादीचं म्हणाल तर ती म्हणजे दारावर पाहुण्यांची यादी घेऊन बसलेला दरवान, आणि पाहुणे येताजाता आपापलं नाव मोठ्याने ओरडतायत. बाहेर उभा असलेला कुणीही एक नाव ऐकणार आणि तेच सांगून आत येणार. मॅक ॲड्रेस डेटाच्या प्रत्येक पाकिटावर न झाकता जातो, पासवर्ड असला तरी, आणि आपल्या उपकरणाचा मॅक बदलणं अगदी सोपं आहे.

आणखी एक, हल्लीचे फोन स्वतःच खोटा मॅक वापरतात, अँड्रॉईड १० आणि आयओएस १४ पासून, त्यामुळे यादी सांभाळण्यात तुमचाच वेळ जास्त जाणार. मुख्य म्हणजे या दोन्हीने हवेतला डेटा झाकला जात नाही. झाकणारी गोष्ट एकच, एन्क्रिप्शन, आणि घरगुती राउटरवर ती पासवर्डाच्या सोबत येते.

जुनाट_मोडेम
नवीन फोन घेतल्यावर सारखं यादीत टाकावं लागायचं त्याचं कारण हे होय! मला वाटलं राउटर बिघडलाय. असो. पण पासवर्ड ठेवायचा तर मग किती लांब ठेवायचा?

गणकयंत्र_गणपत
डब्ल्यूपीए२ मध्ये कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरं. ८ वर थांबू नका. कारण कुणीही तुमचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण एकदा पकडली की ती घरी नेऊन निवांत बसून लाखो पासवर्ड लावून बघू शकतो, राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. फोन नंबर, जन्मतारीख, घरातल्या कुणाचं नाव आणि पुढे १२३, हे सगळ्यात आधी लावून बघितलं जातं. फोन नंबर तर फक्त आकडे, ते संपवायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लिहा, लांबी आपोआप येते आणि सांगायलाही सोपं.
डब्ल्यूपीए३ मध्ये हे घरी नेऊन लावून बघणं बंद केलंय, प्रत्येक प्रयत्नाला राउटरशी बोलावंच लागतं. २०१८ मध्ये आलं ते.

शेवंती
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचले, काही दोनदा. तर तपासणीचा निकाल असा. साध्या नावाला कुलूप आहे, सिक्युरिटीपुढे डब्ल्यूपीए२. ५जी वाल्यालाही आहे. पाऊलवाट, तुमच्या शेअरच्या युक्तीने पासवर्ड पण मिळाला, राउटरच्या बुडाशी स्टिकरवर छापलेला आहे तोच निघाला, आम्ही राउटर उलटा करून बघितलाच नव्हता. म्हणजे मी जिंकले होते.
पण! ईएक्सटी वाल्याला कुलूप नाहीये. आणि तारयंत्र, तुमचा अंदाज खरा, आतल्या खोलीत रेंज येत नव्हती म्हणून सॉकेटात एक छोटा डबा लावलाय, तो रिपीटरच ना? मी लॅपटॉप त्याला जोडून बघितला, काही न विचारता आत गेला. या लॅपटॉपवर ते नाव आधी कधीच जोडलेलं नव्हतं. म्हणजे नवराही जिंकला. आता याचा अर्थ काय?

तारयंत्र
याचा अर्थ असा की पुढचं दार बंद आणि मागचं सताड. रिपीटर तुमच्या मुख्य वायफायला पासवर्ड देऊन रीतसर जोडलेला असतो, मग तो स्वतःचं एक नवीन नाव हवेत सोडतो आणि त्याला येऊन जोडलेल्यांना मुख्य नेटवर्कच्या आत पोचवतो. या नव्या नावाची सुरक्षा वेगळी ठेवायची सोय असते, आणि ती उघडी राहिली असेल तर मुख्य पासवर्ड कितीही दणकट असून उपयोग नाही. नवे रिपीटर बहुतेक मुख्य नेटवर्कचाच पासवर्ड आपोआप उचलतात, पण जुन्या डब्यांत लावताना तो वेगळा द्यावा लागतो, आणि काही तर पहिल्यांदा सेट करता यावा म्हणून मुद्दाम उघडं नेटवर्क सोडतात. लावणाऱ्याने रेंज आली की 'झालं' म्हणायचं आणि निघून जायचं, ते पान पुढे उघडायचंच राहून जातं.

दुरुस्ती: लॅपटॉप त्या ईएक्सटीला जोडा, डब्याच्या स्टिकरवर एक पत्ता असेल तो ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन करा, 'वायरलेस' किंवा 'एक्स्टेंडेड नेटवर्क' असं पान शोधा, सिक्युरिटी 'नन' असेल तिथे डब्ल्यूपीए२ निवडा, डेटा झाकायची पद्धत एईएस, जुनी टीकेआयपी नको, आणि पासवर्ड द्या. नाव आणि पासवर्ड अगदी मुख्यासारखेच ठेवलेत तर फोनला घरभर एकच नेटवर्क दिसेल आणि जिकडे रेंज जास्त तिकडे तो आपणच सरकेल. सेव्ह केलं की तुमची जोडणी तुटेल, दचकू नका, ते तसंच होतं.

एक सांगायचं राहिलं. ते झालं की सगळ्या फोन-लॅपटॉपवरून जुनं उघडं ईएक्सटी 'फर्गेट' करून टाका. का? फोनच्या आठवणीत 'या नावाचं उघडं नेटवर्क ओळखीचं आहे' असं बसलेलं असतं. बाहेर कुणी त्याच नावाचं उघडं नेटवर्क सोडलं तर फोन न विचारता तिकडे जाऊन बसू शकतो. विमानतळ, हॉटेलं वगैरेंची जुनी उघडी नावंही याच कारणाने अधूनमधून साफ करावीत.

रातकिडा
माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो, धागा संपला नव्हता.
अवांतर: विमानतळावर नाव-नंबर टाकायचं पान उघडतं ना, तो पासवर्ड मानायचा का?

पाऊलवाट
नाही. ते पान फक्त इंटरनेटकडे जायची वाट अडवून धरतं. तुमचा फोन आणि त्यांचा राउटर यांच्यातली हवा उघडीच असते, यादीत कुलूप नसतंच तिथे. हॉटेलात काउंटरवर चिठ्ठीवर पासवर्ड मिळतो तो कधी खरा वायफायचा असतो, कधी या पानाचा. कुलूप बघितलं की फरक कळतो.

एक अपवाद सांगून ठेवते म्हणजे नंतर कुणी मला पकडायला नको. २०१८ पासूनच 'एन्हान्स्ड ओपन' असा प्रकार आहे, त्यात पासवर्ड नसतो पण हवेतला डेटा प्रत्येकाचा वेगवेगळा झाकलेला असतो. तिथे ऐकणाऱ्याला काही कळत नाही, पण आत मात्र कुणीही येऊ शकतं. त्यामुळे घरासाठी तो उपाय नव्हे.

गणकयंत्र_गणपत
वर मी डब्ल्यूईपीचं ओझरतं बोललो, जरा विस्ताराने सांगतो कारण कुलूप बघून लोक निर्धास्त होतात आणि यादीतल्या साध्या कुलपावरून आतली पद्धत कोणती ते कळत नाही. डब्ल्यूईपी १९९७ च्या मूळ वायफाय मानकासोबत आलं. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी त्यातल्या आरसी४ या डेटा झाकायच्या पद्धतीच्या वापरातली खोट दाखवून दिली. पुरेसा डेटा गोळा केला की चावी गणितानेच निघते, पासवर्ड लांब असो की आखूड. नंतर लोकांनी ते इतकं सुधारलं की काही मिनिटांचं काम झालं. २००३ मध्ये तात्पुरती मलमपट्टी म्हणून डब्ल्यूपीए आलं, जुन्याच हार्डवेअरवर चालावं म्हणून टीकेआयपीवर, आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२. २००६ पासून वायफायचा शिक्का हवा असलेल्या नव्या उपकरणाला डब्ल्यूपीए२ सक्तीचं झालं. तेव्हा आजच्या तारखेला कुणाच्या घरात डब्ल्यूईपी दिसलं तर राउटर तरी पुराणा आहे किंवा कुणीतरी यादीतला पहिलाच पर्याय निवडून मोकळा झालाय.

एक गंमत. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ठेवलं तर ८०२.११एन या पुढच्या वायफाय मानकाचे वेग मिळतच नाहीत, ५४ एमबीपीएसवर अडकतं, मानकातच तसं आहे. 'नेट स्लो आहे' म्हणून नवा प्लॅन घेणाऱ्यांनी आधी हे पान बघावं.

उगाच_एक
आमच्या राउटरवर एक बटण आहे, ते दाबलं की पासवर्ड न टाकता फोन जोडला जातो. ते काय प्रकरण? म्हणजे पासवर्ड असून कुणीही बटण दाबून आत येणार?

तारयंत्र
डब्ल्यूपीएस ते. बटणाचा प्रकार त्यातल्या त्यात ठीक, दाबल्यावर दोनच मिनिटं खिडकी उघडते आणि बटणापर्यंत माणूस घरात पोचावा लागतो. घातक आहे तो पिनचा प्रकार. राउटरच्या स्टिकरवर आठ आकडी पिन असतो. आठ आकडे म्हणजे १० कोटी शक्यता असं वाटतं, पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिला तुकडा चुकला तर तसं सांगूनही टाकतो. म्हणजे पहिल्या चाराचे १०,००० आणि पुढच्या तिनाचे १,०००, एकूण ११,००० प्रयत्नांत खेळ खलास. २०११ च्या डिसेंबरात श्टेफान फीबॉक याने हे जाहीर केलं. पिन सापडला की राउटर स्वतःच खरा वायफाय पासवर्ड हातात देतो, मग तो ६३ अक्षरी का असेना. नंतरच्या राउटरमध्ये काही चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप लागतं, पण तरी सेटिंगमध्ये जाऊन पिनवालं डब्ल्यूपीएस बंदच करा.

शेवंती
झालं! डब्याचं पान उघडलं, सिक्युरिटीपुढे खरंच 'नन' होतं. डब्ल्यूपीए२ केलं, नाव आणि पासवर्ड मुख्याचाच दिला. आता यादीत दोनच नावं आणि दोन्हीला कुलूप. लॅपटॉपवरून गणपतची कमांड पण चालवून बघितली, सीसीएमपी आलं, काय ते कळलं नाही पण बरं वाटलं.
एक शंका. डब्याच्या पानावर लॉगिन करताना युजर ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिनच चालला. हा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड वेगळा का?

पाऊलवाट
पूर्ण वेगळा, आणि लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. वायफायचा पासवर्ड नेटवर्कमध्ये यायला, ॲडमिनचा पासवर्ड सेटिंग बदलायला. पहिला कितीही कठीण असला तरी दुसरा ॲडमिन-ॲडमिन असेल तर आत आलेला कुणीही, पाहुण्याच्या व्हायरस लागलेल्या फोनसकट, सगळं फिरवून टाकू शकतो, तुमचा डीएनएसही (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलू शकतो, मग तुम्ही टाईप करता एक आणि उघडतं भलतंच. दोन्ही ठिकाणी बदला, डब्यावर आणि राउटरवर. राउटरचं पान बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ ला असतं, नसेल तर विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग कमांडमध्ये 'डिफॉल्ट गेटवे' पुढे जो पत्ता येतो तो. बदललेला ॲडमिन पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, विसरलात तर रीसेटशिवाय इलाज नाही.

आणि रीसेटबद्दल सावध. ती टाचणीने दाबायची भोकातली कळ दहाएक सेकंद धरली की सगळं कारखान्यातून आलं तसं होतं. नेट देणाऱ्याचं युजरनेम-पासवर्ड त्यात भरलेलं असेल तर तेही जातं, आणि काही जुन्या राउटरमध्ये वायफाय उघडं होऊन बसतं. रीसेटनंतर कुलूप परत बघायचं.

जुनाट_मोडेम
मीही पासवर्ड टाकला बरं का. डब्ल्यूपीए३ निवडलं, आता निवडायचंच तर चांगलं निवडू म्हणून. सगळे फोन आले, प्रिंटर काही यायला तयार नाही. यादीत नाव दिसतं, पासवर्ड घेतो आणि 'कनेक्शन फेल्ड'. प्रिंटर वयाने माझ्यासारखाच आहे.

गणकयंत्र_गणपत
काका, प्रिंटरला डब्ल्यूपीए३ समजत नसणार. त्याच यादीत डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय असेल तो घ्या, नवे फोन ३ ने जोडतील आणि प्रिंटर २ ने. तरीही अडला तर राउटरमध्ये 'मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन' असं काही असेल ते 'रिक्वायर्ड' वरून 'ऑप्शनल' वर करा, जुन्या उपकरणांचं घोडं बऱ्याचदा तिथे अडतं. आणि प्रिंटर फक्त २.४ वाला असेल तर ५ गिगाहर्ट्झचं नाव त्याला दिसणारच नाही हेही ध्यानात ठेवा.

जुनाट_मोडेम
मिश्र केलं. आला. मॅक यादी अजून चालू आहे, ती काढू का राहू देऊ?

पाऊलवाट
काढा हो काका. आणि प्रिंटरच्याच मेनूत 'वायफाय डायरेक्ट' आहे का बघा, बरेच प्रिंटर स्वतःचं वेगळं नेटवर्क सोडतात, त्याला कुलूप आहे का तेही बघून घ्या. वापरत नसाल तर बंद करून टाका.

शेवंती
आमचाही सोडतोय! यादीत ते लांबलचक इंग्रजी नाव शेजाऱ्यांचं समजत होते मी. कुलूप आहे पण. उद्या बंद करते, आत्ता नवऱ्याला काहीतरी छापायचंय.